‘साईन’मधला ‘जी’ तिथे काय करतो?

या महिन्याच्या टपालात इंग्रजी स्पेलिंगबद्दलची पत्रं इतकी आली की बाकीचे विषय पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत. माझी सगळी नोकरी मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेली. आताही संध्याकाळी मुलं घरी शिकायला येतात, त्यामुळे या पत्रांतल्या अडचणी मी रोज वह्यांमध्ये पाहते. माझं मत आधीच सांगून टाकते. इंग्रजी स्पेलिंग नुसत्या उच्चारावरून पूर्ण उलगडत नाही. शब्दाची घडण आणि त्याचं कूळ पाहिलं की त्यातलं बरंचसं उलगडतं. आणि अशी नजर आपल्या मुलांना मराठीच्या तासाला आधीच मिळालेली असते.

प्रश्न : मुलगा पाचवीत आहे, सेमी-इंग्रजीला. रोज दहा शब्द प्रत्येकी पाच वेळा लिहून घेते. रात्री पाठ, सकाळी पाटी कोरी. परवा ‘साईन’ लिहिताना त्याने विचारलं, “आई, यात ‘जी’ ऐकूच येत नाही, मग लिहायचा कशाला?” मी म्हटलं, इंग्रजी तसंच असतं, पाठ कर. त्याचं समाधान झालं नाही आणि माझंही नाही. – एक आई, चिपळूण

उत्तर : त्याच्या प्रश्नाला चांगलं उत्तर आहे आणि ते त्याला स्वतःच शोधता येईल. आज संध्याकाळी विचारा, चौकात लाल-हिरवे दिवे असतात त्याला काय म्हणतात? ‘सिग्नल’ म्हणेल. त्याचं स्पेलिंग त्यालाच लिहू द्या. सिग्नलमध्ये ‘ग’ स्वच्छ ऐकू येतो, त्यामुळे ‘जी’ सुटणार नाही. आता शेवटची ए-एल ही दोन अक्षरं त्याला बोटाने झाकायला सांगा. काय उरलं? एस-आय-जी-एन.

मग पासबुकावरची तुमची सही दाखवा. ती सिग्नेचर, तिथेही ‘ग’ बोलतो. लॅटिनमध्ये ‘सिग्नुम’ म्हणजे खूण. सही ही माणसाची खूण, सिग्नल ही थांबण्या-निघण्याची खूण. ‘रिझाईन’ म्हणताना जी पुन्हा गप्प बसतो, पण ‘रेझिग्नेशन’ म्हटलं की बोलू लागतो. एकाच घरातली ही माणसं आहेत. उच्चार काळाच्या ओघात बदलले, तरी लिहिताना इंग्रजीने त्यांचं आडनाव बदललं नाही. साईनमधला जी काढून टाकला तर वाचणाऱ्याला सिग्नल आणि सिग्नेचरशी असलेलं नातं दिसणारच नाही.

घरी एक काम करा. वहीच्या पानाच्या मधोमध एस-आय-जी-एन मोठ्या अक्षरांत लिहा. डावीकडे एकाखाली एक आर-ई, डी-ई, ए-एस. उजवीकडे ए-एल, ए-टी-यू-आर-ई, ई-डी, आय-एन-जी, ए-टी-आय-ओ-एन. आता त्याला डावीकडून उजवीकडे जोड्या लावू द्या आणि जुळलेला शब्द खरा आहे का, त्याचा अर्थ काय, हे बोलू द्या. अर्थ सांगता आला तरच शब्द लिहायचा. लिहिताना तुकड्या-तुकड्याने म्हणायचं: “आर-ई… एस-आय-जी-एन… ई-डी.” एरवी आठ सुटी अक्षरं लक्षात ठेवावी लागली असती, आता तीनच तुकडे आहेत, आणि तिन्ही ओळखीचे.

मुक्या अक्षराचा शब्द आला की त्याचा बोलका भाऊबंद शोधायची सवय लावा. ‘कॉलम’मधला शेवटचा एन ‘कॉलम्निस्ट’मध्ये ऐकू येतो. ‘मसल’मधला सी ‘मस्क्युलर’मध्ये. ‘हेल्थ’मध्ये ई नंतर ए कुठून आला, तर ‘हील’मधून, हील म्हणजे बरं होणं. आठवड्याला अशी दोन घराणी पुरेत. पाच-पाच वेळा लिहिणं मात्र आजपासून बंद करा. तिसऱ्या ओळीला मुलाचा हात चालतो आणि डोकं दुसरीकडे असतं.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत अक्षरांच्या ध्वनींवरून वाचन शिकवतो. तिसरी-चौथीची मुलं त्यामुळे भराभर वाचायला लागली. लिहिताना मात्र ‘जम्प्ड’साठी जे-यू-एम-पी-टी लिहितात, ‘वॉक्ड’ला शेवटी के-टी. ध्वनींची पद्धत चुकते आहे का? – एक शिक्षक, लातूर जिल्हा

उत्तर : पद्धत चालू ठेवा, सर. तिच्याशिवाय वाचनाची सुरुवातच होत नाही. आणि मुलांना आधी शाबासकी द्या, कारण त्यांनी ऐकलं ते शंभर टक्के बरोबर आहे. या शब्दांच्या शेवटी खरोखरच ‘ट’ ऐकू येतो, आपणच मराठीत ‘जम्प्ड’ असं लिहितो. ‘प्लेड’मध्ये ‘ड’ येतो आणि ‘वॉन्टेड’मध्ये ‘इड’. आवाज तीन असले तरी लिहायचं एकच, ई-डी, कारण ती भूतकाळाची खूण आहे आणि खूण बदलायची नसते.

हे फळ्यावर असं घ्या. तीन रकाने आखा. पहिल्यात जम्प, वॉक, वॉश. दुसऱ्यात प्ले, क्लीन, हग. तिसऱ्यात वॉन्ट, नीड. मुलांना गळ्यावर दोन बोटं ठेवायला सांगा आणि प्रत्येक शब्दाचा फक्त शेवटचा आवाज लांबवून काढायला लावा. ‘श्श्श’ म्हणताना गळा थरथरत नाही. ‘न्न्न’ म्हणताना थरथरतो. वर्गभर पोरं गळ्याला हात लावून बसली की जो गलका होतो तो होऊ द्या. थरथर नसलेल्या रकान्यात ई-डीचा ‘ट’ होतो, थरथर असलेल्यात ‘ड’. तिसऱ्या रकान्यात शब्दच ट-डवर संपतो, मग मध्ये एक स्वर घेतल्याशिवाय जीभ पुढे जात नाही.

तुम्ही वरच्या वर्गांना व्याकरण शिकवत असाल तर पुढचं लगेच ओळखाल. हे आपलेच कठोर आणि मृदू वर्ण. वाक् + ईश्वरी म्हणताना ‘क्’चा ‘ग्’ होतो तसाच शेजाराने आवाज बदलतो. फरक एवढाच की आपण वागीश्वरी लिहून तो बदल कागदावर उतरवतो. ई-डीची संधी तोंडात होते, कागदावर होत नाही. अनेकवचनाच्या एसचंही तेच: ‘कॅट्स’मध्ये स, ‘डॉग्ज’मध्ये ज, लिहायचा एसच.

एखादं चुणचुणीत मूल विचारेल, मग ‘केप्ट’ला, ‘स्लेप्ट’ला टी का? तिथे मूळ शब्दच आतून बदललाय, ‘कीप’मधला एक ई गेला. मूळ शब्द जसाच्या तसा उरला असेल तर बहुतेक वेळा ई-डी. ‘मेन्ट’सारखे थोडे अपवाद आहेत, ते भेटतील तेव्हा सांगा, आधीच यादी देऊ नका.

प्रश्न : बाई, मी नववीत आहे. माझं ‘डेफिनेटली’, ‘सेपरेट’ आणि ‘डिसअपॉइंट’ हमखास चुकतं. निबंधात गुण जातात. – एक विद्यार्थिनी, धाराशिव

उत्तर : बाळ, तिन्ही शब्द मोडून बघू.

डेफिनेटलीच्या पोटात ‘फायनाइट’ आहे, एफ-आय-एन-आय-टी-ई. गणितातली ‘इन्फिनिटी’ तुला माहीत आहे, ‘फिनिश’ माहीत आहे. लॅटिन ‘फिनिस’ म्हणजे शेवट, सीमा. ज्याला सीमा आखून दिली, जे पक्कं झालं, ते डेफिनिट. आधी डी-ई, मग फायनाइट, मग एल-वाय. यात ‘ए’ला जागाच नाही.

सेपरेट आणि ‘प्रिपेअर’ हे चुलतभाऊ, दोघांत पी-ए-आर आहे. प्रिपेअरमध्ये तो ए तू कधी चुकवत नाहीस, तोच इथे लिहायचा.

डिसअपॉइंटमध्ये एस किती आणि पी किती हा तुझा गोंधळ असणार. डी-आय-एस हा एक तुकडा, ‘अपॉइंट’ हा दुसरा. पहिल्यात एस एकच, दुसऱ्यात पी दोन. ‘डिसअपिअर’चंही तसंच. आणि ‘मिसस्पेल’मध्ये मात्र एस दोन, कारण एम-आय-एस संपतो एसने आणि ‘स्पेल’ सुरू होतो एसने. दोन्ही तुकडे पूर्ण लिहायचे, कुणाचं काही खायचं नाही.

प्रश्न : पोस्टातून निवृत्त झालो. नातू सातवीत आहे, त्याचा अभ्यास माझ्याकडे असतो. शब्दांच्या मुळावरून स्पेलिंग शिकवावं असं वाचलं, पण मला लॅटिन-ग्रीक येत नाही. शाळेत संस्कृत होतं, तेवढंच. जमेल का? – एक आजोबा, नागपूर

उत्तर : संस्कृत होतं म्हणता, मग तुमच्याकडे बहुतेकांपेक्षा जास्त भांडवल आहे. हा श्लोक तुम्हाला पाठ असेल: ‘उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते । प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥’ उपसर्ग धातूचा अर्थ ओढून दुसरीकडे नेतो. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार ही त्याची उदाहरणं. नातवाला हा श्लोक सांगा आणि लगेच इंग्रजीतला ‘रप्ट’ दाखवा. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ तुटलेलं, फुटलेलं. ज्वालामुखी फुटतो तो इरप्ट. बोलणं मध्येच तोडलं की इंटरप्ट. नीतीने तुटलेला तो करप्ट. इंटरप्टमध्ये आर दोन का? ‘इंटर’ आरने संपतो, ‘रप्ट’ आरने सुरू होतो. इरप्टमध्ये एकच का? आधी नुसता ई आहे म्हणून.

आता जोडाक्षरांकडे या, कारण इंग्रजीतली दुप्पट अक्षरं हा मुलांचा सर्वांत मोठा काच आहे. उत् + लेख याचं आपण उल्लेख करतो. उत् + लंघन, उल्लंघन. सत् + जन, सज्जन. लॅटिनमध्ये नेमकं हेच घडायचं आणि इंग्रजीने ते शब्द संधीसकट उचलले. नकाराचा ‘इन’ आणि ‘लीगल’ मिळून इलीगल, म्हणून एल दोन. ‘इन’ आणि ‘रेग्युलर’, म्हणून आर दोन. ‘इन’ आणि ‘मॉर्टल’, म्हणून एम दोन. ‘इन’ आणि ‘पॉसिबल’, तर पीच्या आधी ओठ मिटतात म्हणून एनचा एम. उल्लेखमध्ये ल किती, असं मराठी मुलाला विचारावं लागत नाही. इलीगलमध्येही लागू नये.

‘अकॉमोडेशन’ हा शब्द पर्यटनाच्या गावांतल्या पाट्यांवर नाना प्रकारांनी लिहिलेला असतो. त्यात तीन तुकडे आहेत. पहिला ए-डी, म्हणजे कडे. पुढे सी आला म्हणून डीचा सी झाला. दुसरा सी-ओ-एम, म्हणजे सह. तिसरा एम-ओ-डी, म्हणजे माप. त्यामुळे सी दोन आणि एम दोन. एकदा नातवाकडून ही फोड करून घ्या, पुढे तोच तुम्हाला समजावून सांगेल.

दुसरी किल्ली त्याच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. आपले पारिभाषिक शब्द ज्यांनी घडवले त्यांनी पुष्कळदा इंग्रजी संज्ञेतले ग्रीक तुकडे समोर ठेवून मराठी तुकडे जोडले. टेलिफोन, दूरध्वनी: टी-ई-एल-ई म्हणजे दूर, पी-एच-ओ-एन-ई म्हणजे ध्वनी. मायक्रोस्कोप, सूक्ष्मदर्शक. बायोलॉजी, जीवशास्त्र. फोटोसिंथेसिस तर बघा: फोटो म्हणजे प्रकाश, सिन म्हणजे सम्, थेसिस म्हणजे मांडणी, आणि आपला शब्द प्रकाशसंश्लेषण. मुलं हा शब्द ऐकल्याबरोबर घाबरतात. मराठी संज्ञा वर आणि इंग्रजी खाली लिहून रेघांनी तुकडे जोडले की ‘सिन’मधला वाय आणि ‘थेसिस’मधला टी-एच आपापल्या जागी बसतात. ‘फ’साठी पी-एच दिसला की शब्द बहुधा ग्रीक घराण्यातला, हेही त्याला सांगा. फोटो, ग्राफ, अल्फाबेट, एलिफंट, फिजिक्स.

तिसरी गोष्ट खास आजोबा-नातवाने करावी अशी. मुलं विचारतात, ‘टू’ म्हणजे दोन, त्यात डब्ल्यू कशाला? ट्विन, ट्वेल्व्ह, ट्वेंटी, ट्वाइस, बिट्वीन हे शब्द एका ओळीत लिहा. सगळ्यांत दोनाचा अर्थ आहे आणि सगळ्यांत डब्ल्यू बोलतो. टूमध्येही तो पूर्वी बोलायचा. आता संस्कृत ‘द्वि’ लिहा. त्यातला व तोच आहे. मराठीत आपण ‘दोन’ म्हणताना तो व टाकला, पण पाढ्यात ‘बे एके बे’ म्हणतो, पुढे बारा, बावीस, बत्तीस म्हणतो, तिथे द्विमधल्या त्या वचा ब होऊन राहिला आणि द गेला. नातवाला पाढे येतात, म्हणजे अर्धा धडा त्याला येतो. तसंच ‘नी’ म्हणजे गुडघा, के-एन-डबल ई. आजानुबाहू म्हणजे ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो. ते ‘जानु’ आणि हा ‘नी’ सख्खे नातलग. ‘नो’ म्हणजे जाणणे, के-एन-ओ-डब्ल्यू. त्याचं नातं ‘ज्ञा’शी, आपल्या ‘जाणणे’शी. आपल्याकडे शब्दाच्या सुरुवातीला ‘ज’ आहे तिथे त्यांच्याकडे ‘के’ आला. इंग्लंडमध्ये हा के पूर्वी उच्चारत, साधारण सतराव्या शतकात तो बोलण्यातून गेला आणि लिहिण्यात राहिला.

एक सावधगिरी मात्र बाळगा. मोबाइलवर फिरणारे संदेश सांगतात की हे शब्द इंग्रजांनी संस्कृतातून घेतले. तसं झालेलं नाही. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्याला एशियाटिक सोसायटीपुढच्या भाषणात मांडलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका जुन्या भाषेपासून निघाल्या असाव्यात आणि ती भाषा कदाचित आता उरलेली नाही. पुढच्या अभ्यासकांनी ते नातं पक्कं केलं, इंग्रजीचंही. त्या एकमेकींच्या बहिणी आहेत. मुलाला हे खरं रूप सांगा, ते जास्त रंजक आहे. आणि दिसायला सारखं म्हणून नातं जोडू नका. ‘अंकल’ची सुरुवात यू-एनने होते, पण तो नकाराचा उपसर्ग नाही. ‘हिस्टरी’ म्हणजे ‘हिज स्टोरी’ असं काही शिकवणीवर्गांत सांगतात. तो शब्द ग्रीक ‘हिस्टोरिया’वरून आला, त्याचा अर्थ शोध, चौकशी. शंका आली की कोश उघडा. मोठ्या इंग्रजी कोशांत नोंदीच्या सुरुवातीला किंवा शेवटी शब्दाचं मूळ दिलेलं असतं, आणि व्युत्पत्तीचे विनामूल्य कोश इंटरनेटवरही आहेत.

प्रश्न : प्रत्येक स्पेलिंगला असं कारण खरंच असतं का? की शिक्षक नंतर कारणं शोधतात? – एक पालक, सांगली

उत्तर : कारण जवळजवळ नेहमी असतं, पण ते प्रत्येक वेळी शहाणपणाचं असतंच असं नाही. हेही मुलांना सांगावं.

‘डेट’ म्हणजे कर्ज, डी-ई-बी-टी. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात बी नव्हता. पुढे लॅटिनचं वेड असलेल्या विद्वानांना मूळ ‘डेबिटुम’ आठवला आणि त्यांनी बी आत बसवला. उच्चारात तो कधीच आला नाही. खात्यातून पैसे गेले की मोबाइलवर ‘डेबिट’चा संदेश येतो, त्यातला बी तोच. ‘डाउट’मधल्या बीची आणि ‘रिसीट’मधल्या पीची कथा अशीच. ‘आयलंड’मधला एस मात्र निव्वळ गैरसमजातून आला. तो जुना इंग्रजी शब्द होता, त्याचा लॅटिन ‘इन्सुला’शी काही संबंध नव्हता, पण त्या ‘इन्सुला’वरून आलेल्या ‘आइल’शी (म्हणजे बेट) साम्य पाहून लोकांनी एस घुसडला. ‘कुड’मधला एल ‘वुड’ आणि ‘शुड’ यांच्या देखादेखी आला. त्या दोघांत तो हक्काचा आहे, कारण त्यांचे मूळ शब्द ‘विल’ आणि ‘शॅल’. ‘कॅन’मध्ये एल कुठे आहे?

यात छापखान्याचाही हात आहे. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना काढला. तो आधी बरीच वर्षं फ्लँडर्समध्ये, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागात, राहिलेला. ‘घोस्ट’मधला एच हा तिकडच्या लिहिण्याच्या वळणाचा. त्याच सुमारास इंग्रजी स्वरांचे उच्चार मोठ्या प्रमाणात बदलत होते आणि ते बदलणं पुढे दोनेकशे वर्षं चाललं. छापलेली रूपं हळूहळू पक्की होत गेली, तोंडातले उच्चार पुढे निघून गेले. आपण आज शिकतो ते लेखन बरंचसं त्या जुन्या उच्चारांचं आहे.

अशा शब्दांची गोष्ट सांगायला दोन मिनिटं लागतात आणि मुलं ती सहसा विसरत नाहीत. माझ्याकडे आयलंडमधला एस कुणी गाळत नाही, कारण तो चुकून आलेला पाहुणा सगळ्यांच्या लक्षात राहतो.

प्रश्न : मुलीला अध्ययन अक्षमतेचं निदान झालं आहे. तिला हे जास्तीचं ओझं होईल का? – एक वडील, नाशिक

उत्तर : बेताने केलं तर ओझं न होता आधार होतो. संशोधक पीटर बॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये २२ अभ्यासांचा आढावा घेतला. शब्दाच्या घडणीवरून शिकवल्याचा फायदा वाचनात मागे पडलेल्या मुलांना विशेष होतो, आणि हे शिकवणं वाचनाच्या इतर कामाशी जोडलेलं असलं की जास्त उपयोगी पडतं, असं त्यांना दिसलं. तेव्हा तिच्या विशेष शिक्षिका जे करून घेतात ते चालू राहू द्या. सोबत आठवड्याला एकच घराणं घ्या, तुकडे पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांवर लिहा आणि तिला हाताने जुळवू द्या. मूळ शब्दाला एक रंग, पुढच्या-मागच्या तुकड्यांना दुसरा. लेखी परीक्षा अजिबात नको. प्रमाणपत्रावर बोर्डाच्या परीक्षेत ज्या सवलती मिळतात त्या संकोच न करता घ्या, तो तिचा हक्क आहे.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगा शाळेच्या स्पेलिंग बीची, म्हणजे स्पेलिंगच्या स्पर्धेची, तयारी करतोय. शब्द मिळाला की मुलं ‘कोणत्या भाषेतून आला?’ असं विचारतात. त्याने खरंच काही साधतं का? घरी मराठी बोलतो, त्याचा काही उपयोग? – एक आई, एडिसन

उत्तर : साधतं, आणि पुष्कळ साधतं. अमेरिकेतली राष्ट्रीय स्पर्धा १९२५ पासून चालू आहे. तिथे स्पर्धकाला शब्दाचा अर्थ, वाक्यातला उपयोग, शब्दाची जात आणि मूळ भाषा विचारण्याची मुभा असते. १९८५ मध्ये बालू नटराजन जिंकला, भारतीय वंशाचा तो पहिला विजेता. तेव्हापासून आपल्याकडच्या घरांत या स्पर्धेची ओढ लागली.

मूळ भाषा कळली की पर्याय एकदम कमी होतात. सी-एच हे एकच उदाहरण घ्या. चाइल्ड, चीज, चर्च असे इंग्रजीत पूर्वापार रुळलेले शब्द ‘च’ म्हणतात. स्कूल, एको, स्टमक, केमिस्ट्री हे ग्रीक मुळाचे, ते ‘क’ म्हणतात. शेफ, मशीन, पॅराशूट, ब्रोशर हे फ्रेंचमधून उशिरा आलेले, ते ‘श’ म्हणतात. ‘क’ ऐकू आला आणि मूळ ग्रीक आहे असं उत्तर मिळालं, तर त्याने के बाजूला ठेवून आधी सी-एचचा विचार करावा. ‘श’ ऐकू आला आणि मूळ फ्रेंच असेल तर एस-एच सोडून द्यावा.

मराठीचा उपयोग वर आजोबांना सांगितला तोच. पण त्याला एक शब्द माझ्याकडून भेट द्या. ‘मंगूस’, म्हणजे आपलं मुंगूस. हा शब्द मराठीतून, पोर्तुगीजांच्या तोंडून युरोपात गेला. इंग्रजांनी तो ऐकला आणि शेवटचा भाग आपल्या ‘गूस’ या पक्ष्यासारखा लिहून टाकला, जी-डबल ओ-एस-ई. गूसचं अनेकवचन ‘गीस’ होतं, म्हणून मुलं मंगूसचं ‘मंगीस’ करतात. त्याला सांगा, या शब्दात तो पक्षी नाही, कोकणातल्या गडग्यावरून पळणारं मुंगूस आहे. त्यामुळे अनेकवचन साधंच, शेवटी नुसता एस लावायचा.